सेवास्तीच्या चाळिसाव्याला

थेमेलीनाला कुणी विचारलं, की बाई, जन्मभर केलंस तरी काय, तर ती म्हणायची, "दोर झेलले." आणि ते खोटं नव्हतं. कालिम्नोस बेटाच्या पूर्वेला वाथीची खाडी डोंगराच्या पोटात लांबवर शिरलेली आहे. खाडी संपते तिथे छोटा धक्का, धक्क्याला लागून थेमेलीनाची खानावळ आणि मागे संत्र्यांच्या बागा. उन्हाळ्यात दुपार कलली की शिडाच्या होड्या एकामागून एक आत येत. मध्यावर नांगर टाकून उलट्या मागे येत, पाठ धक्क्याला लावत, आणि होडीवरचं कुणीतरी धक्क्याकडे दोर फेकी. तो झेलायचा, लोखंडी कडीतून ओवून परत द्यायचा, ओले हात कमरेच्या फडक्याला पुसायचे आणि त्याच दमात विचारायचं, "जेवायला किती जण?" गेली कितीतरी वर्षं हे काम थेमेलीनाकडे होतं, कारण दोर झेलला तिनं तर जेवायला माणसं तिच्याकडेच येत.

तिचा नवरा मिकेस धक्क्यावर खुर्ची टाकून बसे. तरुणपणी तो स्पंज काढायला खोल पाण्यात जायचा. एकदा तळातून घाईनं वर आला, रक्तात हवेचे बुडबुडे अडकले, आणि तेव्हापासून त्याचा डावा पाय त्याचं ऐकेनासा झाला. पाय गेला तरी आवाज शाबूत होता. येणाऱ्या प्रत्येक होडीला तो खुर्चीतून शिकवायचा. दुसऱ्याच्या साखळीवर नांगर टाकणाऱ्याच्या आईबापांची चौकशी करायचा, तीही ग्रीकमध्ये, म्हणजे पाहुण्यांना वाटे म्हातारा स्वागत करतोय.

स्वयंपाक थेमेलीना करी, वाढी थेमेलीना, भांडी तीच घाशी. पोरगा होता तो दूर पिरेअस बंदरात नोकरीला. जुलै लागला की तिचा उजवा खांदा दुखू लागे, ऑगस्टात दोन्ही गुडघे, आणि सप्टेंबरात काय दुखत नाही ते शोधावं लागे. एकसष्ट वर्षांची होती. बायका म्हणत, थेमेलीनाला झोप आवडते. आवडायला आधी मिळावी तर लागते.

तिला एक थोरली बहीण होती, सेवास्ती. आई गेली तेव्हा थेमेलीना चार वर्षांची आणि सेवास्ती पंधराची. वेणी घालणं, ताप आला की रात्रभर मांडीवर घेणं, खोटं बोललं की थोबाडीत देणं, हे सगळं सेवास्तीनं केलं. मग आस्तिपालेया बेटावरचा एक गवंडी कालिम्नोसला कामाला आला, आन्थिमोस नावाचा. त्यानं एका घराची भिंत बांधली आणि जाताना सेवास्तीला लग्न करून घेऊन गेला. तेव्हा थेमेलीना अकरा वर्षांची. ती धक्क्यावर उभी राहून रडली होती, आणि सेवास्ती बोटीवरून ओरडली होती, "नाक पूस आधी."

दोन बेटांमध्ये एका दिवसाचं पाणी. पण उन्हाळ्यात हिला खानावळ, हिवाळ्यात तिकडे समुद्र खवळलेला आणि बोट आठवड्यातून एखादी. पन्नास वर्षांत बहिणी किती भेटल्या हे थेमेलीना हाताच्या बोटांवर सांगू शकली असती. फोन मात्र दर रविवारी यायचा.

"काय करतेस?" सेवास्ती विचारी.

"बटाटे सोलतेय."

"सोल मग. निवांत बोलू."

निवांत बोलणं राहून जाई.

त्या जुलैत एका सकाळी थेमेलीना द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती, तेव्हा फोन वाजला. रविवार नव्हता. पलीकडे आन्थिमोस होता.

"थेमेलीना, सेवास्ती उठली नाही."

"उठली नाही म्हणजे?"

"म्हणजे उठलीच नाही गं."

उकाड्याचे दिवस, माती दुसऱ्याच दिवशी द्यायची ठरली. आस्तिपालेयाची बोट त्यानंतर होती. म्हणजे प्रश्नच मिटला. मिकेस खुर्ची ओढत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, "आज बंद ठेवू या." थेमेलीनानं भरलेल्या पानांच्या परातीकडे पाहिलं. "मग ह्यांचं काय करू?" लोक नंतर म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. तसं नव्हतं. बंद करायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्याकडे उरला नव्हता. रोजचं करत राहणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तिनं काळा झगा चढवला आणि संध्याकाळी नेहमीसारखे दोर झेलले. जेवताना एक परदेशी बाई खुणेनं म्हणाली, काळा रंग तुला छान दिसतो. थेमेलीनानं मान डोलावली आणि विचारलं, अजून पाव आणू का.

रडणं असं झालंच नाही. सकाळी वाटे, दुपारी रडू. दुपारी वाटे, भांडी झाली की. भांडी झाली की डोळे आपोआप मिटत.

ऑगस्टच्या शेवटी चाळिसावा आला. मेलेल्या माणसाच्या चाळिसाव्याला देवळात गहू न्यावा लागतो. शिजवलेला गहू, त्यात बेदाणे, बदाम, तीळ, दालचिनी, वर जाड पिठीसाखर. आपल्या माणसानं केलेला गहू असावा असं म्हणतात, आणि सेवास्तीची मुलगी ऑस्ट्रेलियात. आन्थिमोस फोनवर म्हणाला, "शेजारीण करते म्हणते. तुला जमणार नसेल तर राहू दे."

"गहू मी आणणार," थेमेलीना म्हणाली. "मातीला नाही आले, याला येणार."

तिनं शुक्रवारच्या बोटीचं तिकीट काढलं. बुधवारी कळलं की त्या बोटीचं इंजिन बिघडलंय आणि ती दुरुस्तीला गेलीये, पुढची बोट पुढच्या आठवड्यात. मिकेसनं ओळखीच्या कोळ्यांना फोन लावले. सगळे एकच बोलले. उत्तरेचा वारा आठ दिवस झाले थांबलेला नाही, आणि आस्तिपालेया म्हणजे काय कोपऱ्यावरचं दुकान आहे का. थेमेलीनानं गव्हाची पिशवी फळीवर ठेवून दिली आणि मासे साफ करायला बसली.

त्याच संध्याकाळी नाझमीची होडी खाडीत आली.

नाझमी पलीकडच्या किनाऱ्यावरचा, इझमिरचा. औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेला, शहात्तर वर्षांचा सडपातळ तुर्क. दर ऑगस्टात बायकोला, मेलाहतला घेऊन तो वाथीला यायचा. त्याची आजी मूळची क्रीट बेटावरची. शंभर वर्षांपूर्वी ग्रीस आणि तुर्कस्ताननं धर्म पाहून माणसांची अदलाबदल केली तेव्हा ती मुसलमान म्हणून तिकडे गेली, आणि जाताना फक्त आपली बोली घेऊन गेली. नाझमी तिच्याच मांडीवर ग्रीक शिकला. त्यामुळे हा चार बुकं शिकलेला माणूस ग्रीक बोलायचा ते डोंगरातल्या मेंढपाळ म्हातारीचं. कालिम्नोसची पोरं तोंड दाबून हसत. थेमेलीनाला मात्र ते ऐकलं की चुलीचा धूर आठवे.

या खेपेला तो एकटाच होता. नांगर दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कसाबसा धरला. त्यानं फेकलेला दोर पाण्यातच पडला, थेमेलीनानं आकडीनं वर ओढला.

"कप्तान," मिकेस खुर्चीतून म्हणाला, "नांगर टाकत होतास की मासे मारत होतास?"

"साखळी लई जड झालीया आवंदा."

"साखळी तीच आहे. तू म्हातारा झालायस."

"तसं बी असंल," नाझमी म्हणाला आणि धक्क्यावर उतरून दोन्ही हात कमरेवर ठेवून उभाच राहिला.

"मेलाहत कुठंय?" थेमेलीनानं विचारलं.

"घरी. लेकीपाशी. तिला आता होडीची वळख पटंना. आत बसली की इचारती, ह्ये कुणाचं घर, आपुन कंदी जायाचं." त्यानं होडीकडे पाहिलं. "होडी इकाया काढलीया. गिऱ्हाईक गावलंय. म्हनलं, एकडाव फिरून येतो."

थेमेलीनानं त्याला बसवलं, समोर भरलेली पानं आणि तळलेले मासे ठेवले. मिकेसनं न विचारता बोटीची सगळी कहाणी सांगितली. इंजिन, कोळी, वारा, गहू. नाझमी ताटाला पाव पुसत ऐकत होता. शेवटचा घास गिळून म्हणाला, "म्या न्हेतो की."

"तू?" मिकेस म्हणाला. "तुला खाडीत नांगर धरवेना, आणि भर समुद्रातून माझ्या बायकोला नेतोस."

"तुझ्या बायकूला कोन न्हेतंय. म्या तिच्या भैनीचा गहू न्हेतो. बायकू संगं आली तर येऊंदे."

मिकेस हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. "वारा?"

"शनवारी जरा पडंल. येरवाळी निघू, दिवस मावळायच्या आत पोचू."

थेमेलीना ताटं उचलता उचलता थांबली. "आणि शनिवारी खानावळीत कोण?"

"मी," मिकेस म्हणाला.

"तू बसून काय करणार?"

"बसून सांगणार की आज बंद आहे. तेवढं मला येतं."

शुक्रवारी दिवसभराचं काम उरकून तिनं गहू शिजवला, पंचावर पसरून कोरडा केला, त्यात बाकीचं मिसळलं आणि मोठ्या डब्यात घट्ट बांधला. साखर आणि वर लावायचे चंदेरी बदाम वेगळ्या पिशवीत घेतले, कारण साखर आधीच घातली तर ओली होते. शनिवारी उजाडायच्या आधी मिकेसनं डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या बसल्या नाझमीच्या हाती दिला. बायकोला म्हणाला, "पडू नकोस." जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या माणसाचा निरोप एवढाच असतो.

चपला काढून थेमेलीना होडीवर चढली. अशा हजारो होड्या तिनं बांधल्या असतील, पण शिडाच्या होडीत तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कुठं बसावं तेही तिला कळेना. होडी खाडीतून बाहेर निघाली तेव्हा तिनं मागे पाहिलं. आपली खानावळ पाण्यावरून तिनं पहिल्यांदाच पाहिली. केवढीशी होती. निळा रंग पार उडालेला. एवढ्याशा जागेत माणूस एवढं कसं दमतं, असं तिच्या मनात आलं.

खालच्या मोरीत नाझमीची कालची भांडी पडली होती. थेमेलीना खाली उतरून ती घासायला लागली.

"ठिव ते," नाझमी वरून म्हणाला.

"दोनच तर आहेत."

"पोरी, वर येऊन बस. हितं तू पाव्हनी हायस."

ती वर येऊन बसली. हात मांडीवर ठेवले. हातांचं काय करायचं ते हातांना माहीत नव्हतं. काम करताना जे दुखणं मागे पडायचं, ते रिकामं बसल्यावर एकेक करून वर आलं. खांदा, मनगट, पोटऱ्या. तिला वाटलं होतं, बोटीत झोप काढू. पण झोपही आली नाही. थकव्यालाही एक मर्यादा असते, तिच्यापलीकडे गेलं की झोप येत नाही.

कालिम्नोसचं दक्षिण टोक ओलांडलं आणि डोंगराचा आडोसा सुटला. वारा उजवीकडून आला आणि होडी एका अंगावर कलली. नाझमीनं शीड थोडं लहान केलं. त्यासाठी त्याला तीनदा बसून दम घ्यावा लागला. लाटा उजव्या कुशीवर आपटू लागल्या. थेमेलीनानं कडेवरून वाकून सकाळची कॉफी समुद्राला दिली, मग काल रात्रीचं जेवण दिलं.

"कोळ्यांच्या गावची बाई मी," ती तोंड पुसत म्हणाली. "मिकेसला सांगू नकोस. सांगितलंस तर खुर्चीतून पडेल हसून."

"ये, ह्ये चाक धर. चाक धरलं की पोट जाग्यावर येतं."

"मला येत नाही."

"मला बी येत न्हवतं. तकडं त्यो ढग हाय नव्हं, त्याच्याकडं तोंड ठिव."

तिनं सुकाणूचं चाक धरलं. पहिल्यांदा होडी भलतीकडेच गेली आणि शीड फडफडलं. नाझमीनं तिच्या हातावर हात ठेवून चाक थोडं वळवलं आणि हात काढून घेतला. हळूहळू तिच्या लक्षात आलं की लाट येते तेव्हा होडीशी भांडायचं नाही, थोडं सोडायचं आणि मग परत घ्यायचं. पोट खरंच शांत झालं. नाझमी समोरच्या बाकावर पाठ टेकून बसला. उन्हात त्याचा चेहरा फार पांढरा दिसत होता.

"थकलास?" तिनं विचारलं.

"लई साल झाली त्याला." तो हसला. "मेलाहत रातीत धा येळा उठती. दाराकडं जाती. म्हनती, आई वाट बघत असंल. म्या तिला परत आनून निजवतो. आताशा दाराला कुलूप लावतो, पर तिचा हात कुलपावर बघवत न्हाई."

"मग इथं आलास ते बरं केलंस."

"बरं न्हाई केलं. हितं बी रातीत धा येळा उठतो." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुझी भैन कशी गेली?"

"झोपेत."

"नशीबवान."

"सगळे तेच म्हणतात," थेमेलीना म्हणाली. "मलाही तेच वाटलं. बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? की सेवास्तीला झोप मिळाली. हेवा वाटला मला तिचा. सख्खी बहीण गेली, आणि मला हेवा."

नाझमीनं तिला धीर दिला नाही की समजूत घातली नाही. "व्हय," एवढंच म्हणाला. "कळतंय मला ते."

दुपारनंतर समोर दोन बेटं दिसू लागली. जवळ जाता जाता मधली सखल पट्टी पाण्यातून वर आली आणि दोन्हींचं एक बेट झालं. ते आस्तिपालेया. थेमेलीना शेवटपर्यंत चाकावर होती. सेवास्तीच्या गावाच्या, आनालिप्सीच्या, उपसागरात शिरताना नाझमीनं चाक घेतलं, शीड आवरलं, आणि या वेळी नांगर पहिल्याच खेपेला धरला. बघायला मिकेस नव्हता.

आन्थिमोस किनाऱ्यावर उभा होता. वाळलेल्या खोडासारखा म्हातारा, शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. त्यानं थेमेलीनाला धरलं, आणि मग म्हणाला, "डबा दे, जड असेल."

घरी पोचल्यावर कळलं की गहू ठीक आहे, पण साखरेची पिशवी होडीच्या तळाशी पडून खाऱ्या पाण्यात भिजली होती. चंदेरी बदामांचा रंग जाऊन ते नुसते बदाम झाले होते. थेमेलीना ती पिशवी हातात धरून स्वयंपाकघरात खाली बसली. दुकान बंद झालं होतं.

शेजारीण आली होती मदतीला, पोथिती. गोल चेहऱ्याची, बोलकी बाई. ती म्हणाली, "साखरेला काय झालंय? घरात साखर नाही होय?" तिनं फळीवरची बरणी काढून समोर ठेवली. थेमेलीनानं झाकण उघडलं. साखरेत लवंगा होत्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून त्यांची आई घालायची, तशा सेवास्तीनं घातलेल्या. थेमेलीनानं त्या एकेक वेचून बाजूला काढल्या, साखर खलबत्त्यात कुटली, वस्त्रगाळ केली. गव्हावर जाड थर देऊन कागदानं दाबून गुळगुळीत केला. वर साध्या बदामांचा क्रूस काढला आणि खाली सेवास्तीच्या नावाचं पहिलं अक्षर. साखरेला लवंगेचा वास येत होता. पोथिती म्हणाली, "चालतंय. तिला तोच ओळखीचा."

रविवारी देवळात सगळं यथासांग झालं. पाद्रीबाबांनी नाव घेतलं, लोकांनी "स्मरण अखंड राहो" म्हटलं. नाझमी धुतलेला शर्ट घालून आला होता. आत न येता अंगणात सायप्रसच्या सावलीत उभा राहिला. पोथितीनं त्याच्या हातावरही गव्हाची पुडी ठेवली. त्यानं उभ्या उभ्या खाल्ली.

"माजी आजी ह्योच गहू शिजवायची," तो म्हणाला. "आमच्यात जरा पातळ करत्यात, वाटीत घालून. गोडी तीच."

मग घरी कॉफी, ब्रँडी, बिस्किटं. लोक आले, सेवास्तीच्या हाताच्या चीजबद्दल बोलले, गेले. थेमेलीना सवयीनं कप गोळा करून धुवायला लागली. तिसऱ्या की चौथ्या कपाला पोथितीनं मागून येऊन तिच्या हातातून कप काढून घेतला.

"पड जरा."

"एवढं उरकते आणि पडते."

"थेमेलीना, कप मी धुतले तर कप बिघडणार नाहीत. जा."

ती आतल्या खोलीत गेली. सेवास्तीच्या पलंगावर टेकली, चपला काढायच्या म्हणून वाकली आणि तशीच कलंडली. उठली तेव्हा खिडकीत सकाळ होती. कुणीतरी अंगावर चादर टाकली होती. बाहेर आन्थिमोस ओट्यावर बसला होता.

"तुझा तुर्क गेला," तो म्हणाला. "पहाटे वारा पडला होता. म्हणाला, आता नाही निघालो तर पुन्हा आठ दिवस अडकेन, आणि घरी बायको आहे. मी तुला उठवणार होतो. त्यानं हात धरला माझा. म्हणाला, निजू द्या पोरीला."

थेमेलीना अनवाणीच उपसागरापर्यंत गेली. पाणी रिकामं होतं. तिनं त्याला साधं धन्यवादही म्हटलं नव्हतं. परत आली आणि पुन्हा झोपली. त्या दिवशी झोपली, दुसऱ्या दिवशीही. मधे उठून पोथितीनं दिलेलं काहीतरी खायची, आन्थिमोसशी दोन शब्द बोलायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

बुधवारी मिकेसचा फोन आला. "काय गं, तुर्कानं पळवली का तुला?"

"तो केव्हाच गेला. मी झोपलेय."

"रविवारपासून?"

"हो."

मिकेसचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला. "झोप मग. इथं मी सांगतोय बंद आहे, तरी लोक येऊन बसतात. काल एका टेबलाला टोमॅटो चिरून दिले आणि पाव दिला. स्वयंपाक फार उत्तम आहे म्हणाले. तुझं काही खरं नाही आता."

थेमेलीना हसली. हसताना बरगड्या दुखल्या.

दुरुस्त झालेली बोट शुक्रवारी आली. आन्थिमोस तिला धक्क्यावर घेऊन गेला, तिची पिशवी त्याच्या हातात. बोटीचा दरवाजा खाली आला, लोक चढले. थेमेलीना उभी राहिली. कुणी तिला धरलं नव्हतं. पण पाय उचलेनात. "पुढच्या बोटीनं जाईन," ती म्हणाली. आन्थिमोस पिशवी घेऊन मागे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठली. आन्थिमोस चुलीपाशी पितळी भांडं हातात घेऊन उभा होता. कॉफीचा डबा उघडा होता.

"तू बस, मी करते," थेमेलीना म्हणाली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सेवास्ती कॉफी किती घालायची? मी रोज करून बघतो. कधी कडू होते, कधी पाणी. पन्नास वर्षं तिच्या हातची प्यायलो, पण करताना कधी बघितलं नाही. तुला माहीत असेल."

थेमेलीनानं चमचा घेतला. डब्यात बुडवला आणि थांबली. एक चमचा की दीड? साखर आधी की उकळी आल्यावर? एक उकळी की दोन? तिनं आठवायचा प्रयत्न केला. सेवास्ती तिची वेणी कशी घालायची ते आठवलं, थोबाडीत मारताना हात कसा आखडता घ्यायची ते आठवलं. पण तेव्हा सेवास्ती बावीस वर्षांची होती आणि त्यांच्या घरात कॉफी फक्त बाप प्यायचा. त्यानंतरची सेवास्ती, जी रोज सकाळी या चुलीपाशी उभी राहायची, ती तिला माहीतच नव्हती. पन्नास वर्षांत एका सकाळी जरी ती इथं स्वस्थ बसून राहिली असती, तर कळलं असतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

चमचा हातात तसाच होता. ती बराच वेळ रडली, मोठ्यानं, नाक गळेपर्यंत, लहान पोर रडतं तशी. आन्थिमोस घाबरला. आधी म्हणाला, "नसू दे, नसू दे, आपण चहा पिऊ." मग तोही खुर्चीत बसला आणि रडू लागला. आवाज ऐकून पोथिती कुंपणावरून डोकावली आणि परत गेली. नंतर तिनंच येऊन सांगितलं की सेवास्ती दीड चमचा घालायची आणि उकळी येऊ द्यायची नाही.

थेमेलीना त्यापुढची बोटही सोडून मगच कालिम्नोसला आली. बंदरातून वाथीला जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि तिचे गुडघे पूर्वीइतकेच दुखत होते. झोपेनं ते बरे झाले नव्हते. हंगाम उरला होता तेवढा तिनं पार पाडला. ऑक्टोबरात नाझमीचा इझमिरहून फोन आला. होडी गेली, मेलाहत तशीच आहे, तो म्हणाला. थेमेलीनानं त्याला आठवणीनं धन्यवाद म्हटलं, तर म्हणाला, "कशापायी? चाक तर तूच धरलंवतं."

पुढच्या ऑगस्टात, खाडी होड्यांनी गच्च भरलेली असताना, थेमेलीनानं खानावळीला दोन आठवडे कुलूप लावलं आणि मिकेसला खुर्चीसकट बोटीत चढवून आस्तिपालेयाला घेऊन गेली. वर्षाची अर्धी कमाई त्या दोन आठवड्यांत असते. शेजारच्या खानावळवाल्यानं मिकेसला विचारलं, "डोकं फिरलं का तुमचं? ऑगस्टात कोणी बंद करतं?"

"आम्ही म्हातारे झालोय, बाबा," मिकेस म्हणाला. "बातमी आमच्यापर्यंत जरा उशिरा पोचली."

आस्तिपालेयाला जाऊन पहिले तीन दिवस थेमेलीना नुसती झोपली. मिकेस आणि आन्थिमोस ओट्यावर बसून पत्ते खेळले आणि एकमेकांवर लबाडीचा आरोप करत राहिले.